आला करंट, पण गेला कुठं?

गाडीच्या छतातला दिवा लागेना झाला की कोल्हापुरात निदान सुरू होतं ते बॉनेटपासून. गेटपाशी थांबलेला पहिला माणूस म्हणतो, "बॅटरी गेली बघा." दुसरा म्हणतो, "वायरिंग सगळं उसकटावं लागतंय." बल्ब पाच वॉटचा, मतं दोनशे तीस व्होल्टची.

माझं म्हणणं एवढंच की मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) हुडकायच्या आधी दिव्याचं बटण बघा. मागं बसलेल्या पोरांनी ते 'बंद'वर सारलेलं असतं. ते 'चालू'वर टाका. दिवा लागला, पण दार उघडल्यावर लागत नाही, म्हणजे बल्ब आणि फ्यूज निर्दोष. आता एकेक दार उघडा. तिघांनी लावला आणि चौथ्यानं नाही, तर चोर सापडला.

दार उघडल्यावर दिवा लावणारं रबरी टोपीचं बटण दाराच्या खांबात असेल, तर बऱ्याच गाड्यांत त्याला वायर एकच असते आणि 'अर्थ', म्हणजे करंटची परतीची वाट, त्याच्या स्क्रूतून पत्र्यात जाते. इथला पाऊस त्या स्क्रूचं काय करतो हे वेगळं सांगायला नको. स्क्रू काढा, पॉलिश पेपर मारा, पण त्याआधी वायरला सुतळी बांधा. बटणाची वायर एकदा खांबात घसरली की पंचगंगेत चिल्लर पडल्यासारखं. नव्या गाड्यांत हे बटण दाराच्या कुलपातच असतं. तिथं डॅशबोर्डकडे बघा. 'दार उघडं' दिसतंय आणि दिवा नाही, तर बटणावर आळ घेऊ नका.

'चालू'वरही लागत नसेल तर फ्यूज. याच फ्यूजवर बऱ्याचदा घड्याळ आणि रेडिओची मेमरी असते. तीही गेली असेल तर शंका पक्की. दहा अँपिअरचा लाल, पंधराचा निळा. नवा घातल्याबरोबर उडाला तर कुठंतरी वायर पत्र्याला लागलीय. तिथं वीसचा पिवळा किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी घालणाऱ्याला हात जोडावेत. 'जाळ अन् धूर संगटच' हे मिसळीच्या गाड्यावर शोभतं, गाडीच्या छतात नाही.

बल्ब आणायला जाताना जुना खिशात ठेवा. दोन टोकांना टोप्या असलेले हे बल्ब ३१, ३६, ४१ मिलिमीटर असे येतात आणि नजरेनं सगळे सारखेच दिसतात. उजेड हवा म्हणून पाचाच्या जागी दहा वॉटचा घातला तर वरचं प्लॅस्टिक मऊ पडतं. एलईडी घातला आणि लागला नाही तर दुकानदाराशी भांडू नका, उलटा करून बसवा. त्याला प्लस-मायनस कळतं.

खरी गंमत बल्ब, फ्यूज, बटण सगळं ठीक असताना येते. मीटर डीसी वीस व्होल्टवर, काळी पिन उघड्या पत्र्याला, लाल पिन बल्बच्या क्लिपला. बारा व्होल्ट! मग लागत का नाही? कारण करंट आला, पण परत जायला वाट नाही. नळाला पाणी आहे, मोरी तुंबलीय. बल्ब जागेवर ठेवून, दिवा 'चालू'वर टाकून दोन्ही क्लिप तपासा. दोन्हीकडं बारा दिसले तर अर्थ तुटलाय. एकीकडं बारा, दुसरीकडं शून्य दिसलं तर बल्बच उडालाय किंवा क्लिप ढिली आहे. आणि बल्ब काढल्यावर बारा, घातल्यावर दोन-तीन, तर फ्यूजकडून येणाऱ्या वाटेवर कुठंतरी गंज बसलाय. नुसत्या मीटरला तो अडवत नाही. काम सांगितलं की अंग काढतो. असली माणसं प्रत्येक तालमीत असतात.

हे करताना खांबातल्या पिवळ्या कनेक्टरला पिन लावायची नाही. तो एअरबॅगचा.

हे सगळं चारी दारं उघडी टाकून चालतं. तेवढ्यात आतून तांबडा-पांढरा झाल्याची हाक येते, दारं तशीच राहतात. पुढचा, मागचा आणि डिकीतला असे तीन दिवे मिळून सव्वा अँपिअर खातात. रातभरात पंधरा अँपिअर-तास गेले. पस्तीसच्या जुन्या बॅटरीला तेवढं पुरतं, आणि सोमवारी सकाळी गेटपाशी तोच पहिला माणूस उभा असतो.

"म्हटलं नव्हतं? बॅटरी गेली बघा."