आइस हॉकी पंजाबातून कॅनडात गेलेली नाही

आइस हॉकी मूळची भारतीय आहे, पंजाबातला खिद्दो-खुंडी हा काठी-चेंडूचा खेळ पाहून इंग्रज सैनिकांनी ती कॅनडात नेली, तिथे 1875 मध्ये तिचे नुसते बारसे झाले, तिच्यात चेंडूऐवजी वापरतात ती चकती लोखंडाची असते आणि नियमानेच मान्य असलेल्या मारामारीमुळे मुले धीट होतात, असा मजकूर सध्या सर्वत्र फिरत आहे. टोरंटोतल्या माझ्या भाच्याने शाळेतल्या भाषणासाठी तो जसाच्या तसा उतरवून घेतल्यामुळे हे लिहिणे भाग आहे.

पंजाब इंग्रजांच्या ताब्यात गेला 1849 मध्ये. चार्ल्स डार्विनने 1853 मध्ये आपल्या शाळकरी मुलाला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात, स्केटिंगसाठी जवळ बरेसे तळे आहे का, असे विचारून, आपल्याला स्केट घालून बर्फावर हॉकी खेळणे एके काळी फार आवडे, असे तो सांगतो. डार्विन जन्मला 1809 मध्ये, आणि बीगल जहाजाच्या सफरीवरून 1836 मध्ये परतल्यावर काही काळातच त्याची प्रकृती कायमची ढासळली. तेव्हा ही आवड तरुणपणीची किंवा त्याही आधीची असणार. पंजाबातून अजून निघालेलाच नसलेला खेळ इंग्लंडमधल्या तळ्यावर कसा पोचला, हे मजकूरकर्त्यानेच सांगावे. खिद्दो-खुंडी जुनी आहे, हे कोणी नाकारत नाही. पण काठीने चेंडू मारण्याचे खेळ अनेक देशांत होते.

माँट्रियलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये 3 मार्च 1875 रोजी जेम्स क्रायटन यांच्या पुढाकाराने नऊ-नऊ खेळाडूंचा सामना झाला आणि प्रेक्षकांना इजा होऊ नये म्हणून चेंडूऐवजी लाकडी चकती वापरली गेली, हे खरे आहे. मैदानी हॉकीशी नाते आहे, एवढेही नाइलाजाने मान्य करतो, कारण 1877 मध्ये ‘माँट्रियल गॅझेट’ने छापलेले नियम बहुतांशी तिथूनच उचललेले होते; मात्र ती हॉकी इंग्लंडची होती, आणि भारतात हॉकीचा पहिला क्लब कलकत्त्यात निघाला तो त्यानंतर, 1885च्या सुमारास.

चकती लोखंडाची नसून कडक रबराची, एक इंच जाड आणि तीन इंच व्यासाची असते. ती उसळू नये म्हणून सामन्यापूर्वी गोठवतात.

मारामारीचा मुद्दा मात्र नुसता चुकीचाच नाही, तर घातकही आहे. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये हाणामारी करणाऱ्याला पाच मिनिटे बाहेर बसवतात; दंड ठरलेला आहे म्हणून सिग्नल तोडणे कायदेशीर होत नाही, तसेच हे आहे. ऑलिंपिकमध्ये तर अशा खेळाडूला सामन्यातूनच काढतात. अकरा-बारा वर्षांच्या गटात अंगावर जाऊन धडक देण्यावरही ‘हॉकी कॅनडा’ या तिथल्या राष्ट्रीय संघटनेने 2013 मध्येच बंदी घातलेली आहे.