डबे उघडणारा माणूस

'कालिया मर्दन' हा १९१९ सालचा मूकपट मी पहिल्यांदा पाहिला तो पुण्यात, फिल्म अर्काइव्हच्या, म्हणजे जुने सिनेमे जपणाऱ्या संस्थेच्या, एका खेळाला. तेव्हा मी १९ वर्षांचा होतो. सुरुवातीलाच दादासाहेब फाळक्यांची छोटी मुलगी मंदाकिनी पडद्यावर येते, नुसत्या चेहऱ्यावर एकेक भाव दाखवत राहते आणि मग बघता बघता तिचा कृष्ण होतो. माझ्या अंगावर काटा आला होता. मागे शेवटच्या रांगेत, ते अर्काइव्ह उभं करणारे नायर सर बसले होते, अंधारात वहीत काहीतरी टिपत.

पी. के. नायर मूळचे तिरुवनंतपुरमचे. शाळकरी वयात सिनेमाची तिकिटं जपून ठेवायचे. दिग्दर्शक व्हायचं म्हणून मुंबईत आले, पण आपला पिंड तो नाही हे त्यांनी वेळेत ओळखलं आणि १९६१ साली पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाले. १९६४ साली अर्काइव्ह सुरू झालं. १९९१ला सर निवृत्त झाले, तोवर तिथे १२ हजारांच्या आसपास सिनेमे जमले होते. 'राजा हरिश्चंद्र'चा जेवढा भाग आज आपल्याला बघता येतो, तो त्यांच्यामुळे. बाकी मूकपटांचं काय झालं? तेव्हाची फिल्म नायट्रेट या रसायनाची. पेटायची, कुजायची, आणि उरलेली लोकांनी चांदी काढण्यासाठी भंगारात घातली.

सरांना सगळे 'संग्राहक' म्हणतात. मला तो शब्द अपुरा वाटतो, अगदी मनापासून. प्रिंट, म्हणजे सिनेमाची फिल्मवरची प्रत, प्रोजेक्टरवर चढली की झिजते, मग ती जपायची की दाखवायची, हा वाद जगभर झाला. फ्रान्सच्या अर्काइव्हचा आंरी लांग्लुआ म्हणायचा दाखवा, ब्रिटनच्या अर्काइव्हचा अर्नेस्ट लिंडग्रेन म्हणायचा आधी जपा. नायर सरांनी फिल्मचे डबे जपले ते उघडून दाखवण्यासाठीच. १६ एमएमच्या, म्हणजे अरुंद फिल्मवरच्या, प्रिंटा देशभरच्या फिल्म सोसायट्यांना, सिनेमे एकत्र बघणाऱ्या मंडळांना, जायच्या. कर्नाटकात हेग्गोडूला, सुपारीच्या बागांमधल्या एका खेड्यात, शेतकऱ्यांनी परदेशातले अभिजात सिनेमे पाहिले. 'हे लोकांना कळणार नाही' असं आधीच ठरवून टाकणाऱ्यांचा मला आजही राग येतो. लोकांना विचारलंय कधी? दाखवलंय?

'आता सगळं मोबाइलवर आहे की', असं मला दर वेळी ऐकवलं जातं. आहे ना. पण आहे म्हणून कोण बघतं? कुणीतरी निवडावं लागतं, दार उघडावं लागतं, 'या, बसा' म्हणावं लागतं. नायर सर २०१६ला गेले. त्यानंतर वर्षभराने मी आमच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये महिन्याला एक जुना सिनेमा लावायला सुरुवात केली. कधी ४० माणसं येतात, कधी सात. गेल्या महिन्यात 'कालिया मर्दन' लावला. पाऊण तास एकानेही फोन काढला नाही. संपल्यावर तिसरीतली एक मुलगी पुढे येऊन म्हणाली, "काका, ती तोंडं करते ना, तेवढं परत लावा." लावलं. सगळे पुन्हा खाली बसले.

पुढचा खेळ तिसऱ्या शनिवारी, संध्याकाळी साडेसहाला. सतरंज्या घालायला दोघंतिघं अर्धा तास आधी आलात तर बरं होईल.