'गेट' वापरू नका म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

एक फॉरवर्ड बरेच दिवस फिरतोय, तुम्हालाही कोणीतरी पाठवला असेलच. इंग्रजी सुधारायचं असेल तर 'गेट' हे क्रियापद आजपासून बंद करा असं त्यात म्हटलंय. का, तर तो आळशी शब्द आहे आणि त्याला स्वतःचा अर्थच नाही. शिवाय 'आय हॅव गॉट' मधला 'गॉट' फालतू, व्याकरणाने चूक. 'गॉटन' हा अमेरिकन लोकांनी बिघडवलेला शब्द. 'गॉट फायर्ड' असं पॅसिव्ह होतच नाही, तिथे 'वॉज'च पाहिजे. आणि शेवटी, 'गेट हिम टू डू' आणि 'मेक हिम डू' एकच. खाली पर्यायांची यादी पण आहे: रिसीव्ह, ऑबटेन, बिकम, अराइव्ह.

मला हे वाचून खरंच वाईट वाटतं. इंग्रजी शिकणारी माणसं असं काही वाचलं की मनापासून पाळतात, आणि मग बोलताना तोंडावर आलेला बरोबर शब्द गिळून दुसरा शोधत बसतात आणि तिथेच अडतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, कारण बाकीचे गोंधळ त्यातूनच येतात. गेटला अर्थ नाही? आहे, आणि अगदी स्पष्ट आहे. 'बी' आणि 'हॅव' ही दोन क्रियापदं स्थिती सांगतात, आणि त्या स्थितीत येणं, म्हणजे आधी तसं नव्हतं आता झालं, हे गेट सांगतं. जोड्या लावून बघा. 'आय हॅव अ कोल्ड' म्हणजे सर्दी आहे, 'आय गॉट अ कोल्ड' म्हणजे सर्दी झाली. 'शी इज अँग्री' म्हणजे ती चिडलेली आहे, 'शी गॉट अँग्री' म्हणजे ती चिडली. 'दे आर होम' म्हणजे ते घरी आहेत, 'दे गॉट होम' म्हणजे घरी पोचले. 'आय नो हिम' म्हणजे मी त्याला ओळखतो, 'आय गॉट टू नो हिम' म्हणजे ओळख होत गेली. नाम येऊ दे, विशेषण येऊ दे, ठिकाण येऊ दे, काम तेच, बदल दाखवायचं. ज्या शब्दाला अर्थ नाही तो इतक्या ठिकाणी इतकं सारखं काम कसं करेल?

आता ती यादी लावून बघा. 'आय रिसीव्हड अ कोल्ड' कोणी म्हणत नाही. जोक कळला तर 'आय गेट इट', तिथे 'आय ऑबटेन इट' म्हटलं तर समोरच्याला काही कळणार नाही. बस पकडायची असते तेव्हा 'गेट द बस', ती कोणी रिसीव्ह करत नाही. 'गेट रिड ऑफ', 'गेट ओव्हर', 'गेट अवे विथ' हे तर अख्खे वाक्प्रचारच आहेत, त्यातलं गेट काढलं की उरतं काय? आणि जिथे बिकम चालतं तिथेही रंग बदलतो, 'इट्स गेटिंग डार्क' हे रोजचं बोलणं, 'इट इज बिकमिंग डार्क' चूक नाही पण पुस्तकी वाटतं.

हो, गेटला मर्यादा आहेत आणि त्या शिकायलाच पाहिजेत, पण फॉरवर्डमध्ये नेमक्या त्याच नाहीत. 'डॉक्टर झाला' यासाठी 'ही गॉट अ डॉक्टर' म्हणता येत नाही, त्याचा अर्थ डॉक्टरला घेऊन आला असा होतो, तिथे बिकमच. आंधळं होणं, वेडं होणं, टक्कल पडणं यासाठी इंग्रजीत 'गो' वापरतात, गो ब्लाइंड, गो मॅड, गो बॉल्ड. आणि ऑफिसच्या पत्रात किंवा शोधनिबंधात गेट कमी वापरतात हेही खरं, तिथे 'वुई हॅव रिसीव्हड युवर लेटर' चांगलं दिसतं. पण हा प्रसंगाचा प्रश्न झाला, चूक-बरोबरचा नाही. गेटवरचा राग तसा जुनाच आहे, १८व्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये एका गृहस्थांनी गेटचा अतिरेक दाखवायला एक अख्खा उतारा लिहिला होता, घोड्यावर बसलो तिथे गॉट, पत्र मिळालं तिथे गॉट, भिजलो तिथे गॉट, जेवण मिळालं, झोप लागली, सगळीकडे गॉट. उतारा कंटाळवाणा आहे हे मान्य, पण त्यातली ती सगळी वाक्यं व्याकरणाने बरोबरच आहेत! एकच शब्द वारंवार आला तर शैली बिघडते, व्याकरण नाही, आणि ही दोन वेगळी दुखणी आहेत.

'हॅव गॉट' बद्दल. रूप बघितलं तर हा प्रेझेंट परफेक्ट, मिळवलंय असा मूळ अर्थ, पण मिळवलंय म्हणजे आता माझ्याकडे आहे, तिथून तो नुसता 'आहे' झाला, आणि हे काल-परवा नाही, काही शतकांपूर्वी झालं. ब्रिटनमध्ये 'हॅव यू गॉट अ पेन?' हे रोजचं, शुद्ध इंग्रजी आहे. आणि गॉट फालतू नाही हे दाखवायला एकच जोडी पुरे. 'आय हॅव अ बाथ एव्हरी मॉर्निंग' म्हणजे रोज सकाळी अंघोळ करतो. तिथे 'आय हॅव गॉट अ बाथ' केलं तर अर्थ होतो माझ्याकडे अंघोळीचा टब आहे! म्हणजे हॅव क्रिया सांगत असेल तिथे गॉट लागत नाही, मालकी किंवा स्थिती सांगत असेल तिथेच लागतं. भूतकाळातही ते सहसा चालत नाही, लहानपणी सायकल होती हे 'आय हॅड अ बाइक' असंच सांगतात, 'हॅड गॉट' नाही. ज्याला इतके बारीक नियम आहेत त्याला फालतू कसं म्हणायचं?

गॉटनचा मुद्दा तर सरळ उलटा आहे. हे रूप अमेरिकेने बनवलं नाही, ते इंग्लंडचंच जुनं रूप. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये, 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत हव्वा म्हणते 'आय हॅव गॉटन अ मॅन फ्रॉम द लॉर्ड'. त्याच शतकात इंग्लंडमधून माणसं अमेरिकेत जाऊन वसली, त्यांच्यासोबत हे रूप गेलं आणि तिकडे टिकलं, मागे ब्रिटनमध्ये मात्र ते हळूहळू मागे पडलं. तिथेही पूर्ण गेलं नाही, फरगेटचं फरगॉटन आज सगळेच म्हणतात, वाईट मार्गाने कमावलेल्या पैशाला 'इल-गॉटन' म्हणतात. बिघडवलं म्हणायचं झालं तर रूप कोणी बदललं हे आधी बघायला पाहिजे ना.

शिवाय अमेरिकन इंग्रजीत दोन्ही रूपं आहेत आणि ती वाटून घेतलेली आहेत. 'आय हॅव गॉट अ न्यू फोन' म्हणजे माझ्याकडे नवा फोन आहे, 'आय हॅव गॉटन अ न्यू फोन' म्हणजे मी नवा फोन घेतलाय. 'आय हॅव गॉट टू गो' म्हणजे जावंच लागेल, 'आय हॅव गॉटन टू गो' म्हणजे जायची संधी मिळाली. इतका फरक एका रूपाने होतो! ब्रिटिश पद्धतीने लिहायचं असेल तर गॉट लिहा, अमेरिकन असेल तर जिथे मिळणं किंवा होणं आहे तिथे गॉटन, फक्त एकाच लेखात दोन्ही पद्धती मिसळू नका.

आता पॅसिव्ह. मला हा मुद्दा सगळ्यात जास्त आवडतो कारण इथे गेट असं काम करतं जे 'वॉज'ला जमतच नाही. 'द विंडो वॉज ब्रोकन' याचे दोन अर्थ निघतात, काच फुटलेली होती किंवा कोणीतरी फोडली. 'द विंडो गॉट ब्रोकन' चा एकच, फुटली, म्हणजे घटना घडली. तसंच 'दे वर मॅरीड इन २०१०' ऐकलं तर त्या वर्षी लग्न झालं की त्या वर्षी ते विवाहित होते हे संदर्भावरून ठरवावं लागतं, 'दे गॉट मॅरीड' मध्ये शंकाच नाही. हे पॅसिव्ह १७व्या शतकापासून लिखाणात सापडतं, त्यामुळे ते 'होतच नाही' म्हणण्यात अर्थ नाही. बहुतेक वेळा ते कर्त्याचं काही बरं-वाईट झालं तिथे येतं, गॉट फायर्ड, गॉट कॉट, गॉट हर्ट, पण गॉट प्रमोटेड, गॉट सिलेक्टेड पण. जिथे बदलच नाही तिथे ते येत नाही, 'शी वॉज लव्हड बाय ऑल' बरोबर, 'शी गॉट लव्हड बाय ऑल' नाही.

प्रश्न करताना एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण इथे खूप जण चुकतात. 'वॉज ही फायर्ड?' मध्ये वॉज पुढे येतं, पण गेटला 'डू' लागतं, 'डिड ही गेट फायर्ड?', 'ही डिडन्ट गेट फायर्ड'. 'गॉट ही फायर्ड?' असा प्रश्न होत नाही. म्हणजे अर्थाने पॅसिव्ह असलं तरी वागणूक साध्या मुख्य क्रियापदाची.

राहिला शेवटचा, गेट आणि मेक एकच. नाही हो! 'शी मेड हिम अपॉलोजाइज' म्हणजे तिने त्याला माफी मागायलाच लावली, त्याला पर्याय ठेवला नाही. 'शी गॉट हिम टू अपॉलोजाइज' म्हणजे समजावून, मागे लागून, कसंतरी करून तिने त्याला तयार केलं आणि शेवटी माफी त्याने स्वतः मागितली. 'द न्यूज मेड मी क्राय' ठीक, पण 'द न्यूज गॉट मी टू क्राय' विचित्र वाटतं, कारण बातमी काही कोणाची मनधरणी करत नाही. रचनाही वेगळी, गेटनंतर 'टू' लागतंच, मेकनंतर लागत नाही, पण मेकचं पॅसिव्ह केलं की तिथेही 'टू' येतं, 'ही वॉज मेड टू अपॉलोजाइज'. आणि गेटचं असं पॅसिव्ह होतच नाही, 'ही वॉज गॉट टू अपॉलोजाइज' हे वाक्य कोणाच्याच इंग्रजीत बसत नाही.