"घाबरू नकोस" असं म्हणू नका

गुरुवारी भाच्याची वाळूजला मुलाखत आहे. काल फोनवर म्हणाला, "मावशी, आत्तापासूनच पोटात गोळा येतोय." मागून आक्काचा आवाज, "घाबरायचं काय त्यात? घाबरू नकोस!"

आक्काची माया मला कळते, पण या वाक्यानं कुणाचीच भीती गेलेली मी पाहिलेली नाही. उलट लेकराला वाटतं, भीती वाटते म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी आहे.

२०११ साली डिप्लोमा झाल्यावर मी सेलूहून सकाळच्या मराठवाडा एक्सप्रेसनं तेव्हाच्या औरंगाबादला गेले. मायनं भाकरी अन् ठेचा बांधून दिला होता, एक घास उतरला नाही. कंपनीच्या गेटवर रजिस्टरात नाव लिहिताना हात थरथरत होता. प्लास्टिकच्या फायलीवर अंगठ्याचा घाम उमटायचा, मी ओढणीनं पुसायचे, तो पुन्हा उमटायचा. आत गेल्यावर इंग्रजीतून पहिलाच प्रश्न आला, स्वतःबद्दल सांगा. दहा वाक्यं पाठ होती. नाव सांगितलं आणि पुढचं सगळं पुसलं गेलं.

समोरच्या तिघांत एक वयस्कर साहेब होते. त्यांनी मराठीत विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

"सेलू तालुका, सर."

"म्हणजे घरी कापूस असेल."

मग मी बोलले. वेचताना कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला कापूस, वेगळी काढावी लागते, दव असताना वेचलं की कापूस ओला येतो आणि भाव पडतो, जिनिंगवर व्यापारी मूठभर कापूस कसा उपसून बघतो, सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "तपासणी विभागात हेच तर काम असतं." ती नोकरी मला मिळाली नाही. पण पुढच्या मुलाखतीत मी सुरुवातच कवडीपासून केली, आणि तिथं लागले. आज क्वालिटीतच आहे आणि कधी कधी टेबलाच्या पलीकडे बसते.

पलीकडे बसून एक नक्की कळलं. आपल्याकडच्या पोरांना विषय येतो. अडतं ते अनोळखी माणसासमोर मोठ्यानं बोलायला, त्यातही इंग्रजीत. "सर, हे मराठीत सांगू का?" असं विचारण्यात कसलीही लाज नाही. यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून दिली असेल तर तिथली २७५ गुणांची मुलाखतसुद्धा मराठीत देता येते. मग कारखान्यातल्या मुलाखतीत विचारायला काय हरकत आहे?

आणि भीती हे अंगाचं काम आहे. ॲड्रेनलिन वाढलं की छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, पचन मंदावतं. घास उतरत नाही तो म्हणूनच. श्वास चार आकडे मोजत आत आणि आठ मोजत बाहेर, असं पाचेक मिनिटं केलं की धडधड उतरते, हे मी स्वतः करते. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांचे २०१४ साली प्रसिद्ध झालेले प्रयोगही मला फार पटतात. गाण्याआधी किंवा भाषणाआधी "शांत हो" म्हणण्याऐवजी "मला हुरूप आलाय" असं स्वतःला सांगणाऱ्यांची कामगिरी चांगली झाली. धडधड तीच राहते, फक्त तिला नाव दुसरं द्यायचं.

भाच्याला मी पाठांतर बंद करायला लावलं. म्हटलं, तुझा फवारणी पंपाचा प्रोजेक्ट आजीला सांग, अंगणात उभं राहून, मोठ्यानं. मी फोन चालूच ठेवला. त्यानं सांगितलं. आजी म्हणाली, "ते समदं खरं, पण ते करतंय काय?" त्यानं पुन्हा सांगितलं. तिनं विचारलं, "मग पाठीवर वझं किती?" तिसऱ्यांदा सांगताना तो कुठंच अडखळला नाही. वझ्याचा आकडा मात्र त्याला ठाऊक नव्हता. आज सकाळी पंप तराजूवर ठेवून त्याचा फोटो पाठवलाय.

बुधवारी संध्याकाळीच ये म्हटलंय, मुलाखतीच्या दिवशी सकाळच्या गाडीचा घोर नको. गुरुवारी सकाळी भाकरी मी करणार आहे, आणि अर्धी का होईना, खाल्ल्याशिवाय त्याला सोडणार नाही.