भारत नसला तरी 2027 चा आशियाई कप बघा, पण पेन्सिल घेऊन

7 जानेवारी ते 5 फेब्रुवारी 2027, सौदी अरेबिया. रियाध, जेद्दा आणि अल खोबर ही तीन शहरं, 24 संघ, 51 सामने. भारत त्यात नाही, म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच फुटबॉलप्रेमींनी या स्पर्धेवर आधीच फुली मारली आहे. माझं मत उलटं आहे. आपण गेल्या दोन वेळा या स्पर्धेत नेमके कुठे अडकलो हे समजून घ्यायचं असेल, तर ही स्पर्धा नीट बघायला हवी. आणि नीट बघणं म्हणजे फक्त गोल बघणं नव्हे, तिसऱ्या क्रमांकाचा तक्ता बघणं.

आधी रचना. चार-चार संघांचे सहा गट. प्रत्येक गटातले पहिले दोन थेट पुढे, म्हणजे 12. उरलेल्या चार जागा सहा गटांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या संघांपैकी सर्वोत्तम चौघांना. साखळीतले 36 सामने खेळवून फक्त आठ संघ घरी जातात. त्यानंतरच्या 15 सामन्यांत विजेता ठरतो, तिसऱ्या जागेसाठी सामना नसतो. आठ संघ गाळायला 36 सामने ही चैन आहे असं म्हणणारे आहेत, आणि त्यांचं पूर्ण चुकीचं नाही. पण याच चैनीमुळे शेवटच्या दिवसापर्यंत जवळजवळ प्रत्येक संघाला काहीतरी आशा उरते.

आता किती गुण लागतात ते. 24 संघांच्या, याच रचनेच्या पाच स्पर्धा घ्या: युरो (युरोपातल्या देशांची अशीच स्पर्धा) 2016, 2020 आणि 2024, आशियाई कप 2019 आणि 2023. (नावात 2023 असलं तरी ती स्पर्धा जानेवारी-फेब्रुवारी 2024 मध्ये कतारला झाली.) या पाच स्पर्धांत मिळून तिसरे आलेले संघ 30. त्यातल्या 12 जणांचे 4 गुण होते, ते सगळे पुढे गेले. चौघांचे 2 गुण होते, ते सगळे घरी गेले. खरी मारामारी 3 गुणवाल्यांची. असे 14 संघ होते, त्यातले आठ वाचले.

वाचले ते कशावर? गोलफरकावर, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले गोल. 3 गुण आणि गोलफरक शून्य असलेले पाचही संघ पुढे गेले: पोर्तुगाल आणि उत्तर आयर्लंड 2016 ला, किर्गिझस्तान आणि ओमान 2019 ला, स्लोव्हेनिया 2024 ला. उणे 1 असलेल्या तिघांपैकी दोन वाचले. उणे 2 किंवा त्याहून वाईट असलेल्यांत फक्त एक, उणे 3 वाला इंडोनेशिया. तेव्हा वहीत एवढंच लिहून ठेवा: 4 गुण म्हणजे निवांत झोप, 3 गुण आणि शून्य फरक म्हणजे बहुतेक झालं, 3 गुण आणि उणे 2 म्हणजे देव पाण्यात.

यातून प्रशिक्षकांना एक साधी गोष्ट कळायला हवी, ती अनेकांना कळत नाही. दोन बरोबरी आणि एक पराभव म्हणजे 2 गुण, म्हणजे घर. एक विजय आणि दोन निसटते पराभव म्हणजे 3 गुण आणि बरा गोलफरक, म्हणजे बहुधा पुढची फेरी. बरोबरीवर समाधान मानणारा संघ या रचनेत हळूहळू बुडतो. 2023 च्या कपात चीनने ताजिकिस्तान आणि लेबनॉनशी 0-0 अशी बरोबरी केली. शेवटचा सामना कतारशी. कतारचा गटातला पहिला नंबर आधीच पक्का झाला होता, अक्रम अफिफ आणि हसन अल-हैदोस हे त्यांचे हुकमी खेळाडू बाकावर होते. चीनला तिथेही गोल करता आला नाही. मग बाकावरून आलेल्या अफिफच्या कॉर्नरवर बाकावरूनच आलेल्या अल-हैदोसने गोल मारला. तीन सामने, गोल शून्य, गुण 2. आणखी एक 0-0 झाली असती तर 3 गुण आणि शून्य फरक घेऊन चीन पुढे गेला असता, आणि इंडोनेशिया बाहेर.

आता आपलं. 23 जानेवारी 2024, अल बैत स्टेडियम. भारत ऑस्ट्रेलियाकडून 0-2 आणि उझबेकिस्तानकडून 0-3 हरून आला होता, समोर सीरिया. 76 व्या मिनिटाला ओमर ख्रिबिनने गोल केला, 0-1. आपण शून्य गुणांवर, तिन्ही सामने एकही गोल न करता. सगळीकडे सूर एकच: आपली लायकीच नव्हती. खेळाबद्दल तो सूर चुकीचा नाही. पण तक्ता बघा. त्या दिवशी भारत 1-0 जिंकला असता तर आपले 3 गुण, सीरियाचा 1, आणि आपण गटात तिसरे. स्पर्धा संपता संपता तिसऱ्या क्रमांकाच्या यादीत जॉर्डन आणि पॅलेस्टाइनचे 4, इंडोनेशियाचे 3, चीन आणि ओमानचे 2-2. म्हणजे उणे 4 गोलफरक घेऊनसुद्धा भारत शेवटच्या 16 मध्ये. एक गोल खायचा नव्हता आणि एक करायचा होता, बस्स.

त्याच्या आधीच्या कपात तर घास तोंडाशी आला होता. जानेवारी 2019, यूएई. थायलंडला 4-1 हरवलं, यजमानांकडून 0-2 हरलो. शारजाला बाहरीनविरुद्ध बरोबरी पुरेशी होती. ती झाली असती तर आपले आणि थायलंडचे 4-4 गुण, आणि आपसातला सामना आपण जिंकलेला, म्हणजे भारत गटात चक्क दुसरा. संघ मागे सरकून 0-0 सांभाळत बसला, बाहरीन सतत अंगावर येत राहिला, आणि 90 मिनिटं उलटल्यावर पेनल्टी. जमाल राशिदने ती मारली. दुसरे होणार होतो ते चौथे झालो. बाहरीन तिसरा येऊनही पुढे गेला. बचावात बसण्यात चूक नव्हती. चेंडू हिसकावल्यावर तो पुढे ठेवायला माणूसच नव्हता, त्यामुळे मारलेला प्रत्येक चेंडू अर्ध्या मिनिटात परत येत होता. असा संघ 90 मिनिटं टिकतो, 93 नाही.

गुण सारखे झाले की काय बघतात, यातही दोन वेगळे हिशेब आहेत आणि समालोचक ते सर्रास एकत्र करतात. गटाच्या आत आधी आपसातला निकाल, मग एकूण गोलफरक. सहा तिसऱ्या संघांच्या यादीत मात्र आपसातला निकाल असूच शकत नाही, कारण ते एकमेकांशी खेळलेलेच नसतात. तिथे क्रम असा: गुण, गोलफरक, केलेले गोल, मग कार्डं, आणि तरीही सुटलं नाही तर चिठ्ठ्या. त्यामुळे गटातल्या कच्च्या संघाला 2-0 ऐवजी 4-0 हरवलं तर गटात कदाचित काहीच फरक पडत नाही, पण दुसऱ्या यादीत जीव वाचतो. 2-0 वर असताना कॉर्नरच्या झेंड्यापाशी चेंडू धरून वेळ काढणारे संघ बघितले की म्हणूनच चिडचिड होते.

कार्डांचं म्हणाल तर पिवळ्याचा एक दंडगुण, दोन पिवळ्यांतून आलेल्या लालचे तीन, थेट लालचेही तीन, आधी पिवळं आणि मग थेट लाल असेल तर चार. हे कागदावरचं कलम वाटतं ना? 2019 ला व्हिएतनाम आणि लेबनॉन, दोघांचे 3 गुण, दोघांचे गोल 4, खाल्लेले 5. अगदी तंतोतंत. लेबनॉनने शेवटच्या सामन्यात उत्तर कोरियाला 4-1 हरवलं होतं, पाचवा गोल झाला असता तर प्रश्नच मिटला असता. तो झाला नाही. मग कार्डं मोजली: व्हिएतनामची पाच पिवळी, लेबनॉनची सात. लेबनॉन घरी. व्हिएतनामने पुढे जॉर्डनला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. पंचांशी हुज्जत घालून घेतलेलं पिवळं कार्ड एवढं महाग पडू शकतं.

या रचनेत माझा खरा आक्षेप वेगळा आहे. सगळे गट एकाच दिवशी संपत नाहीत. गेल्या वेळी अ गट 22 जानेवारीला संपला, शेवटचे दोन गट 25 ला. आधी संपलेल्या गटातला तिसरा संघ आंधळेपणाने खेळतो, शेवटच्या गटातल्याला नेमकं काय हवं ते माहीत असतं. हा फायदा कधी वायाही जातो हे खरं: सगळं माहीत असूनही ओमानला किर्गिझस्तानविरुद्ध आघाडी टिकवता आली नाही, 1-1 झालं आणि हॉटेलात बसलेला इंडोनेशिया पुढे गेला. तरीही एका संघाने प्रश्नपत्रिका बघून लिहायचं आणि दुसऱ्याने न बघता, हे मला पटत नाही. शेवटच्या फेरीचे 12 सामने दोन दिवसांत बसवता येतात. ते होत नाही, कारण प्रक्षेपणाला रोज वेगळी वेळ हवी असते.

पुढच्या फेरीची वाटही गमतीची. गेल्या दोन्ही कपांत अ, ब, क, ड गटांच्या विजेत्यांना तिसऱ्या क्रमांकाचा संघ मिळाला, पण इ आणि फ च्या विजेत्यांना दुसऱ्या क्रमांकाचा. कोणते चार तिसरे येतात याच्या 15 शक्यता, आणि प्रत्येकीसाठी जोड्या आधीच ठरलेल्या. गेल्या वेळी बाहरीनने इ गट जिंकला आणि बक्षीस म्हणून जपान मिळाला, 1-3 हरले. त्याच गटातला तिसरा जॉर्डन थेट अंतिम फेरीत गेला. दक्षिण कोरियाने मलेशियाशी 3-3 करून दुसरा नंबर घेतला आणि जपान टळला. पुढे उपांत्य फेरीत साठलेल्या पिवळ्या कार्डांमुळे त्यांचा बचावपटू किम मिन-जे बाहेर, आणि कोरिया जॉर्डनकडून 0-2, गोलवर एकही नेमका फटका न मारता.

तिसऱ्या क्रमांकाची ही मायेची सावली फक्त मुख्य स्पर्धेत आहे, हे आपण या वेळी विसरलो. पात्रतेच्या शेवटच्या फेरीत चार संघांच्या गटातून फक्त एकच पुढे जातो. तिथे शिलाँगला बांगलादेशशी 0-0, हाँगकाँगला इंज्युरी टाइममधल्या पेनल्टीवर 0-1, सिंगापूरला 1-1. मग 14 ऑक्टोबर 2025, गोव्यात फातोर्डा, समोर पुन्हा सिंगापूर. छांगटेने 14 व्या मिनिटाला आघाडी दिली, साँग उई-यंगने मध्यंतराच्या तोंडावर एक आणि नंतर आणखी एक गोल केला, 1-2, विषय संपला. सिंगापूर याआधी एकदाच, 1984 ला, तेही यजमान म्हणून खेळलं होतं. या वेळी ते पात्र ठरून जातंय. चार सामन्यांत दोन गोल करणाऱ्या संघाने कोणत्याही रचनेला दोष देऊ नये.

तर जानेवारीत काय करायचं: सहा रकाने आखा, प्रत्येकात तिसऱ्या संघाचे गुण, गोलफरक, केलेले गोल आणि पिवळी कार्डं. दुसऱ्या फेरीनंतर भरायला घ्या, त्याआधी अर्थ नाही. सौदीची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणजे तिथला रात्री आठचा सामना आपल्याकडे साडेदहाला. गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी असतात, तेव्हा एक टीव्हीवर लावा आणि दुसरा मोबाइलवर, आणि मोबाइलवर तळातल्या दोघांचा ठेवा. निकाल बहुतेक वेळा तिथूनच उलटतो.