‘सोरोरिटी म्हणजे नुसत्या पार्ट्या’: ग्रुपवरच्या त्या मेसेजला उत्तर

‘अमेरिकेत मुलीला शिकायला पाठवताय? आधी हे वाचा’ अशी सुरुवात असलेला एक मेसेज गेले दोन महिने फिरतोय. मला तो आधी आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर आला, मग पुण्याहून नणंदेनं पाठवला, मग शेजारच्या काकूंनी ‘खरं आहे का गं हे?’ असं विचारत पाठवला. मेसेज लांबलचक आहे, पण त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कॉलेजातल्या सोरोरिटी आणि फ्रॅटर्निटी दानधर्माचा नुसता देखावा करतात आणि गोळा केलेला पैसा टी-शर्ट आणि पार्ट्यांवर उडवतात. हे श्रीमंत गोऱ्यांचे क्लब आहेत, तिथे आपल्या मुलांना कुणी विचारत नाही. तिथली मैत्री पैसे मोजून विकत घेतलेली असते. आणि शेवटी सगळं दारूवरच येऊन थांबतं.

माझी मुलगी पेनसिल्वेनियातल्या पेन स्टेट विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे आणि दोन वर्षांपासून एका सोरोरिटीत आहे. तिनं पहिल्यांदा विषय काढला तेव्हा मीही घाबरले होते, नवरा तर आठवडाभर नीट बोलला नव्हता. त्यामुळे हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांवर माझा राग नाही. पण त्यातलं बरंचसं चूक आहे, आणि जे बरोबर आहे ते इतकं मोघम लिहिलंय की आईबापांना त्याचा काही उपयोग नाही.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ग्रीक अक्षरांची नावं असलेल्या या विद्यार्थी संघटना. मुलांच्या त्या फ्रॅटर्निटी, मुलींच्या त्या सोरोरिटी. पहिली ग्रीक अक्षरी संघटना, फाय बीटा कॅपा, १७७६ मध्ये व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात निघाली. आज एकेका संघटनेच्या देशभर शाखा असतात, त्यांना चॅप्टर म्हणतात. बहुतेक संघटनांनी मदतीसाठी आपलं एखादं ठरलेलं काम निवडलेलं असतं.

तर आधी देखाव्याचं. पेन स्टेटमध्ये दर फेब्रुवारीत ‘थॉन’ होतं. फ्रॅटर्निटींच्या मंडळानं १९७३ मध्ये सुरू केलेली ही नाचाची मॅरेथॉन. पहिल्या वर्षी दोन हजार डॉलरच्या आसपास जमले होते. १९७७ पासून सगळा पैसा ‘फोर डायमंड्स’ या निधीला जातो. कॅन्सर झालेल्या मुलांवर पेनसिल्वेनियातल्याच हर्शी गावच्या बाल रुग्णालयात उपचार होतात, त्यातला विम्यानं न दिलेला खर्च हा निधी उचलतो, म्हणजे आईबापांच्या हातात बिलच पडत नाही. उरलेल्यातून संशोधन चालतं. २०२५ साली १ कोटी ७७ लाख डॉलर जमले. आता थॉनमध्ये इतरही अनेक विद्यार्थी गट असतात, पण सोरोरिटी आणि फ्रॅटर्निटींचा वाटा अजूनही मोठा आहे.

त्या वर्षी मुलगी नाचणाऱ्यांत होती, म्हणून मी रविवारी पहाटे ब्राइस जॉर्डन सेंटर या तिथल्या बंदिस्त स्टेडियममध्ये गेले. शुक्रवारी संध्याकाळी सहाला सुरू झालेलं ते रविवारी दुपारी चारला संपतं. ४६ तास. बसायचं नाही, झोपायचं नाही. मी वरच्या बाकांवरून तिला शोधत होते आणि ती मला ओळखू येईना. केस विस्कटलेले, तोंड सुजलेलं, एका मैत्रिणीच्या खांद्यावर डोकं टेकून ती उभ्या उभ्या डुलत होती. तेवढ्यात केस गळलेला एक पाच-सहा वर्षांचा मुलगा पाण्याची पिचकारी घेऊन आला आणि त्यानं तिच्या तोंडावरच धार मारली. ती खाडकन जागी झाली आणि त्याच्यामागे लंगडत धावली. बरेचसे गट एकेका आजारी मुलाच्या कुटुंबाशी जोडलेले असतात. हा मुलगा त्यांचा. त्याचे वाढदिवस, त्याचे रिपोर्ट, त्याच्या धाकट्या बहिणीचं भोकाड, सगळं या मुलींना वर्षभर ठाऊक असतं. शेवटच्या तासांत आईबाप मंचावर येऊन बोलतात. काहींची मुलं बरी झालेली असतात, काहींची गेलेली असतात आणि तरी ते आईबाप दरवर्षी येतात. मी तिथे रडले. हे कुणी फोटोसाठी करत असेल असं मला कुणी पटवून देऊ शकणार नाही.

पैशाचं म्हणाल तर एक साधी गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याला माहीत नसावी. अमेरिकेच्या करखात्याच्या लेखी चॅप्टर हा सोशल क्लब असतो. मुलं भरतात ती वर्गणी, म्हणजे ड्यूज, क्लब चालवायला असते आणि तिच्यावर करसवलत मिळत नाही. संघटनेचं धर्मादाय फाउंडेशन वेगळं नोंदवलेलं असतं, त्याचा हिशेब वेगळा. पार्ट्या होतात त्या ड्यूजमधून होतात, कॅन्सरच्या मुलांच्या पैशातून नाही. ट्राय डेल्टा ही सोरोरिटी १९९९ पासून मेम्फिसच्या सेंट जूड बाल रुग्णालयासाठी पैसे उभे करते. आकडा १० कोटी डॉलरच्या पुढे गेलाय, आणि रुग्णांच्या कुटुंबांना राहायला तिथे ‘ट्राय डेल्टा प्लेस’ नावाची इमारत उभी आहे.

टी-शर्टांबद्दल मात्र मेसेजशी माझं भांडण नाही. माझ्या मुलीचा एक अख्खा खण त्यांनी भरलाय आणि प्रत्येकाचे पैसे आम्ही दिलेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे इथे ‘फिलान्थ्रपी’ आणि ‘सर्व्हिस’ हे दोन वेगळे शब्द आहेत. फिलान्थ्रपी म्हणजे पैसे गोळा करणं: पाच डॉलरला पॅनकेक, मैत्रिणीच्या तोंडावर क्रीमनं भरलेली थाळी मारायचे तीन डॉलर. सर्व्हिस म्हणजे स्वतः जाऊन राबणं. बऱ्याच चॅप्टरांत पहिलं भरपूर होतं आणि दुसरं कमी, ही टीका रास्त आहे. पण उलटी उदाहरणंही आहेत. पाय कॅपा फाय फ्रॅटर्निटीची मुलं दर उन्हाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरून वॉशिंग्टन डीसीपर्यंत सायकलनं जातात आणि वाटेत गावोगावी अपंग व्यक्तींसोबत वेळ घालवतात.

‘श्रीमंत गोऱ्यांचे क्लब’ हा मुद्दा इतिहासात बऱ्याच अंशी खरा आहे. २०१३ साली, म्हणजे फार जुनी गोष्ट नाही, अलाबामा विद्यापीठातल्या पारंपरिक गोऱ्या सोरोरिटींनी कृष्णवर्णीय मुलींना नाकारल्याचं तिथल्याच विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रानं उघड केलं, आणि मग विद्यापीठानं त्यांना प्रवेश पुन्हा खुले करायला लावले. पण मेसेज इथेच थांबतो आणि दुसरी बाजू कुणाला कळूच देत नाही. ज्यांना दारं बंद होती त्यांनी स्वतःच्या संघटना काढल्या. १९०६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात अल्फा फाय अल्फा निघाली. मार्टिन ल्यूथर किंग तिचेच सदस्य. १९०८ मध्ये वॉशिंग्टनमधल्या हॉवर्ड विद्यापीठात अल्फा कॅपा अल्फा निघाली. कमला हॅरिस तिच्या सदस्य. १९१३ मध्ये तिथेच बावीस विद्यार्थिनींनी डेल्टा सिग्मा थीटा काढली आणि दोन महिन्यांच्या आत, ३ मार्चला, बायकांच्या मताधिकारासाठी वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या मोर्च्यात त्या चालल्या.

यातली एक गोष्ट मी भेटेल त्याला सांगते. १९३५ च्या उन्हाळ्यात डॉक्टर डोरोथी फेरेबी यांच्यासोबत अल्फा कॅपा अल्फाच्या बायका मिसिसिपीत गेल्या. वर्णभेदाच्या काळात काळ्या बायकांनी आगगाडीनं जाणं म्हणजे वाटेत अपमान ठरलेला, म्हणून त्या स्वतःच्या मोटारी चालवत गेल्या. तिथे दवाखाना थाटायचा बेत होता, पण कापसाच्या मळ्यांचे मालक कुळांना मळा सोडून जाऊ देईनात. मग त्यांनी मोटारींमध्येच दवाखाना भरला आणि मळ्यामळ्यांवर जाऊन मुलांना घटसर्पाच्या आणि देवीच्या लसी टोचल्या. पुढची काही वर्षं उन्हाळ्याची सुट्टी अशीच गेली. ही सोरोरिटी होती. हिला ‘पार्टी क्लब’ म्हणण्याआधी माणसानं दोन मिनिटं थांबावं.

आणि ‘आपल्या’ मुलांचं? १९९० च्या दशकात बिंगहॅम्टन, ऑस्टिन अशा ठिकाणी दक्षिण आशियाई मुलामुलींनी आपापल्या संघटना काढल्या, त्या आज देशभर आहेत. त्यातल्या काही सोरोरिटी घरगुती हिंसाचाराविरुद्ध काम करतात. ज्या विषयावर आपल्या घरांत कुणी तोंड उघडत नाही, त्यावर तिथल्या वीस वर्षांच्या मुली उघड बोलतात.

विकत घेतलेल्या मैत्रीवर फार लिहित नाही. ड्यूज महाग असतात, हे खरं. शिष्यवृत्ती आणि हप्त्यांची सोय विचारून घ्यावी. पण गणेश मंडळाची वर्गणी भरली म्हणून मांडवातली मैत्री विकतची आहे असं आपण म्हणत नाही.

राहिली दारू. मेसेजचा हा भाग मला सर्वांत जास्त खटकतो, कारण खरा धोका तो सांगतच नाही. मोठ्या राष्ट्रीय सोरोरिटींच्या घरांत, म्हणजे सदस्य एकत्र राहतात तिथे, दारूला मनाई असते. त्यामुळे पार्ट्या होतात त्या फ्रॅटर्निटीच्या घरांत: दार त्यांचं, पेला भरणारे ते, मुलगी पाहुणी. मुलीशी बोलायचं ते यावर. आणि दारूपेक्षाही हेझिंगवर, म्हणजे नव्या सदस्यांना ‘आत घेताना’ होणाऱ्या छळावर, आपल्याकडच्या रॅगिंगसारख्या.

फेब्रुवारी २०१७. याच पेन स्टेटमध्ये तिमथी पियाझा नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा बीटा थीटा पाय या फ्रॅटर्निटीच्या घरात नव्या सदस्यांना आत घेण्याच्या रात्री गेला. त्याला पाठोपाठ दारू पाजली, तो तळघराच्या जिन्यावरून पडला आणि जवळपास बारा तास कुणी मदत बोलावली नाही. दोन दिवसांनी तो गेला. ते घर कागदावर ‘दारूमुक्त’ होतं. त्यानंतर दोन आठवड्यांनी त्याच गावात थॉन झालं आणि एक कोटीवर डॉलर जमले. मी या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवते. थॉनच्या कोटींनी त्या मुलाचा जीव भरून निघत नाही, आणि त्याच्या मृत्यूमुळे हर्शीत बरी झालेली मुलं खोटी ठरत नाहीत. ‘आम्ही इतकं दान करतो’ असं हेझिंगच्या प्रश्नावर कुठलाही चॅप्टर म्हणाला, तर तिथून उठून यावं.

पेनसिल्वेनियानं २०१८ मध्ये पियाझाच्या नावानं कडक कायदा केला. डिसेंबर २०२४ मध्ये देशभरासाठी ‘स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्ट’ आला. आता कॉलेजांना कुठल्या संघटनेनं काय केलं आणि काय कारवाई झाली, याची माहिती वेबसाइटवर टाकावी लागते. चॅप्टरागणिक जमीन-अस्मानाचा फरक असतो, तो इथे दिसतो.

माझ्या भाच्याला या वर्षी दुसऱ्या एका कॉलेजातल्या फ्रॅटर्निटीनं बोलावलं, तेव्हा आम्ही दोघांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून त्या कॉलेजाची, कारवाई झालेल्या संघटनांची यादी वाचली. त्याच्या आवडीची फ्रॅटर्निटी तिसऱ्या ओळीत होती. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं खाली सरकवत नेत, यादीत नसलेल्यांची नावं एका कागदावर लिहायला घेतली.