‘आवडीनुसार’ म्हणजे किती, ते लिहा की!

बिलिंबीच्या पाककृती लिहिणाऱ्या समस्त मंडळींना विचारायचंय, तुम्ही हे आंबटढाण फळ स्वतः कधी चिरलंय का हो? ‘चार-पाच बिलिंबी घ्या.’ कुठली चार-पाच? एकाच घोसात करंगळीएवढं फळ असतं आणि त्याच्या शेजारी पाण्यानं टच्च फुगलेलं, त्याच्या दुप्पट जाडही असतं. ग्रॅममध्ये लिहायला काय हात मोडतात? हिरवं कडक घ्यायचं की पिवळट पडायला लागलेलं, त्याचाही पत्ता नाही. आणि शेवटी ठरलेला शब्द, ‘आवडीनुसार’. घरच्या झाडाची फळं पहिल्यांदा वापरणाऱ्यानं ही आवड आणायची कुठून?

डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते डाळीच्या कृतीवर. ‘डाळ, बिलिंबीच्या फोडी, हळद, मीठ एकत्र कुकरला लावा.’ लावलं. कुकर उघडला तर फोडींचा पार लगदा, पाणी वर, डाळ खाली, आणि दाणा दाताखाली कचकन लागतोय. आणखी शिट्ट्या काढल्या तरी तेच. अहो, आंबटात डाळ शिजत नाही! दाण्याला घट्ट धरून ठेवणारं पेक्टिन आम्लात लवकर सुटत नाही. बटाट्याचंही तेच. डाळ आधी मऊ शिजवून घोटायची आणि बिलिंबी नंतर घालून फक्त एक उकळी काढायची. ही एक ओळ लिहिली असती तर गॅस, डाळ आणि संध्याकाळ, तिन्ही वाचलं असतं.

भांड्याबद्दल तर अवाक्षर नाही. याच फळानं पितळ लखलखीत घासतात, कपड्यावरचे गंजाचे डाग काढतात, हे सगळ्यांना माहीत. मग ते अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा बिनकल्हईच्या पितळी भांड्यात शिजवू नका, हे सांगायला नको? स्टील, काच, चिनीमाती चालेल, एवढंच लिहायचंय.

‘फार आंबट झालं तर साखर घाला’ हा सल्ला देणाऱ्यांचा तर मला संताप येतो. साखरेनं आम्ल कुठेही जात नाही, फक्त जिभेला काही वेळ कळत नाही. सोड्यानं आम्ल मरतं, पण फेस येतो आणि जास्त पडला तर साबण खाल्ल्यासारखं लागतं. चकत्यांना मीठ चोळून ठेवा, सुटलेलं पाणी पिळून टाका, मग शिजवा, हे कुणीच का लिहीत नाही?

आणि ते ‘रोज सकाळी बिलिंबीचा रस प्या, कोलेस्टेरॉल उतरेल’ म्हणणारे! या फळात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं. रस प्यायल्यानंतर मूत्रपिंडं निकामी झालेल्या केरळमधल्या 10 रुग्णांची नोंद 2013 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, त्यातल्या काहींना डायलिसिस करावं लागलं. जेवणात तोंडी लावण्यापुरती बिलिंबी वेगळी, पेलाभर कच्चा रस वेगळा. लोकांच्या जिवाशी खेळताय तुम्ही.

एवढं होऊन फळ थांबतं का? ते थेट खोडाला लगडतं, एकदम पिकतं आणि तोडलं की लगेच मऊ पडायला लागतं. इंडोनेशियातल्या आचे प्रांतात मीठ लावून उन्हात काळपट होईपर्यंत सुकवतात, त्याला ‘असम सुंती’ म्हणतात, आणि मग ते वर्षभर वापरतात. आपल्याकडच्या कृतीत मात्र ‘उन्हात वाळवून ठेवा’, बास. किलोला मीठ किती? सुटलेलं पाणी ओतायचं की त्यातच परत बुडवायचं? पावसाळी हवेत बुरशी धरली तर काय? झाडाखाली सडा पडलाय, चिलटं घोंघावतायत, आणि मला अजून मिठाचं प्रमाण सापडत नाहीये. ज्यांना खरंच येतं त्यांनी वजनकाटा घ्या आणि नीट आकड्यात लिहा.